गोमतीबाईच्या काळजावरचा वण

पोळा झाला की वाशीमच्या माझ्या दवाखान्यात गर्दी वाढते. सोयाबीनची कापणी लागण्याआधी लोक दुखणी उरकून घेतात. त्याच दिवसांत करण त्याच्या याडीला, म्हणजे आईला, गोमतीबाईला घेऊन आला. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरून एसटीनं आलेली. पायांवर सूज, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढल्यावर बोलता येईना इतकी धाप.

दम परत आल्यावर तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "रुख्मिणीची वैजू ना तू? हनवटी तिचीच हाय."

रुख्मिणी माझी आई. तिचं माहेर जऊळक्याचं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. आजोळी गेले की ही तिची मैत्रीण, माझी मावशी, भेटायला यायची आणि आई तिच्याशी अंगणात बसून तासन्‌तास बोलायची, एवढं मला आठवत होतं.

मी तिला डाव्या कुशीवर निजवून इको सुरू केला. हृदयाच्या डाव्या कप्प्याची पुढची भिंत पातळ, पांढुरकी दिसली. अजिबात हलत नव्हती.

"कधीतरी अटॅक येऊन गेलाय," मी करणला सांगितलं. "तेवढा भाग मेला आणि तिथं वण भरला. वण ठोके देत नाही. त्याच्या वाटणीचं काम बाकीचं हृदय ओढतं, आणि ओढून ओढून सैल पडतं. सूज, धाप, सगळं त्यामुळं."

"ऊसतोडीवर होतो तवाच आला असन," करण म्हणाला. "याडी म्हने, पित्त झालं. वण जात नाही का, मॅडम?"

"नाही. औषधं देऊन उरलेलं हृदय सांभाळायचं."

गोमतीबाईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "जऊळक्याच्या टेसनावर छोटी गाडी थांबे," ती म्हणाली. "म्या सीताफयाची टोपली घेऊन उभी राहो, पन मले वरडाले लाज वाटे. तुई माय मायासाठी वरडे. येवढ्या मोठ्या घरची पोर, अन खिडकी-खिडकीतून हात घालून फयं देत पये!"

ती हसली. पडद्यावर पांढुरकी भिंत आत आली.

शेजारचा जिवंत स्नायू मेलेल्या भागाला ओढतो, तसं असेल म्हणून मी नीट पाहिलं. जिवंत स्नायू आकसताना जाड होतो, ओढलेला वण होत नाही. हा होत होता.

"मावशी, जरा गप राहा."

भिंत थांबली.

"बोल आता."

"गाडी सुटली की आमी उरलेलं एक फय वाटून खाओ..."

भिंत पुन्हा हलू लागली.

ती बोलत असतानाचं रेकॉर्डिंग मी नागपूरला माझ्या सरांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भिंत निरोगी आहे, वैजयंती. यात तुला काय दाखवायचंय?"

मग मी रविवारी लहान मशीन घेऊन तांड्यावर जाऊ लागले. गोमतीबाई आठवणी सांगायची. कोरड्या नदीत झरा उकरून प्यायलेलं पाणी, आईनं चोरून आणलेली तांबडी रिबीन, कापूस वेचताना दोघींनी लावलेली पैज. आई मला शिस्तीची, अबोल म्हणूनच ठाऊक होती. ही धावणारी, खोटं बोलणारी मुलगी मला कधी भेटलीच नव्हती. मी पडद्याकडे कमी आणि मावशीकडे जास्त बघू लागले.

आठवण सांगून झाली की मावशीच्या ओठांना रंग यायचा, आणि दोन-चार दिवस ती स्वतः चुलीपुढं बसायची. पण तीच आठवण दुसऱ्यांदा सांगितली तर भिंत ढिम्म राहायची.

तुरीला शेंगा धरल्या तोवर आठवणी संपत आल्या होत्या. सूज पोटापर्यंत चढली.

"एक गोठ राह्यली हाय," ती म्हणाली.

"मग सांग ना."

"तुले नाही. तुया मायचं लगन ठरलं त्या सांजची हाय. आमी दोघीच होतो." तिनं दम घेतला. "तिले इचारल्याबिगर कशी सांगू?"

"मावशी, सांगण्यानंच तुझा जीव तगतोय."

तिनं माझा हात थोपटला. सांगितलं नाही. आणि मला तिच्या जिवापेक्षा त्या संध्याकाळची जास्त ओढ लागलीय, हे तिला कळलं असावं.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी करणचा फोन आला. मी पोचले तेव्हा बायका दाराशी जमल्या होत्या. मावशी भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर निजलेली. अंग गार पडू लागलेलं. नाडी नव्हती. डोळ्यांवर उजेड टाकला, बाहुल्या हलल्या नाहीत.

मी मशीनचा प्रोब तिच्या छातीवर का ठेवला, सांगता येत नाही.

सगळं हृदय थांबलं होतं. झडपा उघड्या, रक्त जागच्या जागी.

फक्त वण हलत होता.

मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते.

"मॅडम," करणनं मागून विचारलं, "गेली का याडी?"

मी प्रोब तसाच धरून ठेवला. वणाची हालचाल ठोक्यासारखी सारखी नव्हती. थोडा वेळ हलायचा, मग थांबायचा. काही विचारून समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो, तेवढाच वेळ. मग पुन्हा हलायचा.