भेकोची जागा

वीज गेलीच आहे आणि तुम्ही विचारलंतच, तर सांगते. काम तसं साधंच होतं. भावाला घरी आणायचं होतं.

भेको माझ्या पाठचा. जोहान्सबर्गला छपरं घालायच्या कामावर होता. एक दिवस वरून पडला, डावा पाय चिरडला, आणि इस्पितळातच प्राण गेला. पुरलं त्याला आम्ही गावीच, म्सिंगाला, गुरांच्या कुंपणाशेजारी. पण आमच्यात देह आणला म्हणजे माणूस आला, असं नसतं. माणूस जिथे प्राण सोडतो तिथेच थांबून राहतो. घरचं कोणी जाऊन नावाने हाक मारेपर्यंत तो हलत नाही. ते तेवढं आमच्याकडून राहून गेलं होतं. मग तो आईच्या स्वप्नात यायला लागला. खाटेच्या कडेला बसलेला असायचा आणि म्हणायचा, "इथे फार गार आहे गं. आणि कोणी बोलतच नाही."

म्हणून मी आणि मांडला काका निघालो. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घरचं सगळं तेच बघतात. गाडी माझी. पीटरमॅरित्झबर्गला माझं शिवणाचं दुकान आहे, त्यावर घेतलेली लहानशी पांढरी गाडी. काकांनी घरून निघतानाच रानबोरीची डहाळी तोडून घेतली होती. त्या झाडाला काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. मेलेला माणूस त्या डहाळीला धरून घरी येतो.

वॉर्डातल्या नर्सबाई समजूतदार निघाल्या. त्यांनी पडदा ओढून घेतला आणि बाहेर उभ्या राहिल्या. काकांनी खाटेजवळच्या फरशीला डहाळी टेकवली आणि म्हणाले, "भेको मचूनू, चल. आम्ही तुला न्यायला आलोय. आई वाट बघतेय." मग डहाळी आईच्या राखाडी घोंगडीत गुंडाळून त्यांनी तान्ह्या पोरासारखी कुशीत घेतली. त्यानंतर घर येईपर्यंत त्यांनी भेकोखेरीज कोणाशीही बोलायचं नसतं. मीही गप्प. मागच्या सीटवरून फक्त त्यांचा आवाज येत राहिला.

"भेको, वाल नदी आली बघ. पुलावरून चाललोय. मागे राहू नकोस."

"भेको, इथे मक्याची शेतं आहेत. झोपलास का?"

काच थोडी उघडी होती, तरी गाडीत इस्पितळाच्या फिनेलचा वास भरून राहिला होता. मला त्याची भीती नाही वाटली. उलट बरं वाटलं, की आलाय आपल्याबरोबर.

हॅरिस्मिथला पेट्रोलपंपावर थांबलो. काकांना साखरेचा आजार आहे, त्यांना लघवीला जाणं भागच होतं. त्यांनी घोंगडी सीटवर ठेवली, वर हात ठेवून म्हणाले, "मी आलोच. ताई बसलीय तुझ्याजवळ." आणि गेले. मी बसून होते. दुपारचं ऊन होतं, पंपावर माणसांची ये-जा चालू होती. एवढ्यात पंपावरचा माणूस धावत आला.

"ताई, तुमचे म्हातारबाबा आत पडलेत! डोळे पांढरे केलेत त्यांनी!"

काय करणार होते मी? गाडीला कुलूप घालून धावले. काका फरशीवर घामाने भिजून पडले होते. कोणीतरी गोड सरबताची बाटली आणली, आम्ही ती त्यांच्या तोंडात थेंब थेंब सोडली. ते शुद्धीवर आले तसे पहिल्यांदा माझ्या मागे बघायला लागले. मी एकटीच का आले, म्हणून.

परत आलो तर मागची काच फुटलेली. सीटवर काचेचा चुरा, गारा पडाव्यात तसा. माझी पर्स नव्हती, फोन नव्हता. घोंगडीही नव्हती.

काकांनी त्या चुऱ्यावरच तळहात टेकला. रक्त आलं तरी उचलला नाही. "वास गेला," एवढंच म्हणाले. खरंच होतं. गाडीत आता नुसता पेट्रोलचा वास येत होता.

माणसं जमली. एक बाई काचा झाडायला लागली. "रोजचंच आहे हे, ताई," पंपावरचा माणूस म्हणाला. "गुंडाळलेलं दिसलं की यांना वाटतं आत टीव्ही आहे. जा, पोलिसांत नोंद करा. नंबर मिळाल्याशिवाय विमावाले दारात उभं करत नाहीत."

चौकीवर त्सोतेत्सी नावाच्या हवालदारबाई होत्या. मान खाली घालून लिहीत होत्या.

"काय काय गेलं?"

"पर्स, फोन... आणि एक घोंगडी."

"घोंगडीत काय होतं?"

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझा पुतण्या."

बाईंचा हात थांबला. त्या सोथो, आम्ही झुलू, पण हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "घरी नेत होतात?"

"हो, पोरी."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बाबा, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" असं म्हणाल्या आणि स्वतःच आमच्याबरोबर पंपावर आल्या, कॅमेरा बघायला.

चित्राला आवाज नव्हता. दोन तरुण पोरं. एकाने काच फोडली, दुसऱ्याने हात घालून सगळं ओढलं, आणि दोघं पळत पलीकडच्या निळ्या गाडीकडे गेले. पहिला पुढे बसला. दुसऱ्याने मागचं दार उघडून घोंगडी आत टाकली. आता दार आपटून पळायला हवं होतं ना? तो पळाला नाही. दार धरून उभा राहिला, बूट जमिनीत रुतल्यासारखे. शेजारी बघत होता, किंचित वाकून, आजारी माणूस गाडीत चढताना आपण बघतो तसं. मग थोडा बाजूला सरकला. आणि दार हलकेच लावलं.

"पुन्हा लावू?" पंपाच्या मॅनेजरने विचारलं.

"नको," काका म्हणाले. "चढला तो."

हवालदारबाई म्हणाल्या, निरुपयोगी माल ही पोरं गावाबाहेरच्या पुलापाशी फेकतात. आम्ही गेलो. घोंगडी सापडली, वाळक्या गवतात उलगडून पडलेली. डहाळी नव्हती. काका रस्त्याच्या कडेकडेने हाका मारत चालत राहिले. "भेको! अरे पोरा, उतर! ती आपली माणसं नाहीत!" मोठमोठे ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने म्हातारा हेलपाटत होता. घसा बसला तेव्हा थांबले.

"परत इस्पितळात जायचं का, काका?"

"तिथे कोण आहे आता?" ते खाली बसले. "इतके दिवस वाट बघत होता. कोणीतरी उचललं, तो निघाला. त्याला काय कळणार, कुणी उचललंय ते."

फुटलेल्या काचेला प्लास्टिक चिकटवून आम्ही घाट उतरायला लागलो. वॅन रीननचा घाट. धुकं असं की पुढचा दिवाही दिसेना, आणि ते प्लास्टिक कानाशी सारखं फडफडत होतं. पायथ्याशी आल्यावर काका म्हणाले, "थांबव."

धुक्यात रानबोरीचं झाड उभं होतं. ते वळण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वरून किती गाड्या तिथे खाली कोसळल्यात, कोणी मोजत नाही.

"तुझी आई फाटकात उभी असेल," काका म्हणाले. "काय सांगणार तिला?"

"खरं ते सांगू."

"पोराला एकदा पुरलं तिने. आता परत मारू तिच्या डोळ्यांदेखत?" ते चाकू घेऊन उतरले.

"काका, नका करू हे... ऐका माझं..."

त्यांनी डहाळी तोडली, घोंगडीत गुंडाळली. मग उभे राहिले. रिवाजाप्रमाणे नाव घ्यायला हवं होतं. पण भेकोचं नाव घेऊन खोटं बोलायला त्यांची जीभ वळली नाही. धुक्याकडे तोंड करून नुसतंच म्हणाले, "चल बाळा... घरी जाऊ."

मी गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, प्लास्टिक वाजत नाहीये. वेग तोच, वारा तोच. मी आरशात पाहिलं. काका या बाजूला, घोंगडी मांडीवर घेऊन. पलीकडे प्लास्टिक बाहेरच्या अंगाला फुगलेलं, ताणलेलं. कोणीतरी त्याला खांदा टेकून बसल्यासारखं. आणि गाडीत वास येत होता, जळक्या रबराचा आणि ओल्या मातीचा.

मी नजर रस्त्यावर वळवली. काकांनी पुढच्या एकाही नदीचं नाव घेतलं नाही.

घरी सगळं तयार होतं. आई फाटकात, मागे आत्या आणि शेजारणी. त्यांनी आनंदाने आरोळ्या दिल्या. बोकड कापला. आईने घोंगडी छातीशी धरली आणि गोल झोपडीच्या मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागेवर डहाळी ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. मला त्याच्याशी बोलायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"खेतिवे, कुणाला आणलंत?"

माझ्या हातातलं पाणी सांडून गेलं.

"हा भेको नाही," ती म्हणाली. "हा भिंतीकडे तोंड करून बसतो. आई, आई करतो. पण मी ओ दिली की घाबरतो."

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, किंचाळेल, काकांना शिव्या घालेल. ती नुसती टाकीला टेकून उभी राहिली. काका तिथे आले, म्हणाले, वहिनी, मी त्याला आहे तिथे सोडून येतो. तर म्हणाली, "कुणाच्या तरी पोटचाच आहे ना? हाक मारून घरात आणायचं आणि मग हाकलायचं?" काकांनी त्यानंतर त्या झोपडीत पाऊल ठेवलं नाही.

पुढे त्सोतेत्सीबाईंचा एकदाच फोन आला, माझ्या दुकानावर. निळी गाडी सापडली होती, डोंगरात, आमच्याच बाजूला येणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर. पेट्रोल संपलेलं. पोरांचा पत्ता नव्हता. त्यांच्या घरचेही शोधत होते. "तुमचं काही सापडलं नाही आत," बाई म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "ताई, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हटलं.

मी सुट्टीला जायचे तेव्हा आई झोपडीतच बसलेली असायची. आधी कुजबुजायची. मग मोठ्याने बोलायला लागली. एकदा मी बाहेर कपडे वाळत घालत होते आणि आतून तिचं हसणं ऐकलं. भेको गेल्यापासून ती हसली नव्हती. मी दारात गेले.

"कशाला हसतेस गं?"

"हा भेको," ती डोळे पुसत म्हणाली. "काहीतरीच बोलतो."

मला तिला अडवता आलं असतं. नाही अडवलं.

हिवाळा आला. संध्याकाळ होती, आई चुलीत लाकडं सारत होती, मी दाराशी बसून भोपळा चिरत होते. बाहेर गुरं एकदम गप्प झाली. कुत्री उठली, फाटकाकडे बघत राहिली, पण भुंकली नाहीत.

"माशी..."

लहानपणी मी भेकोच्या कानाशी सारखी बडबड करायचे, म्हणून तो मला माशी म्हणायचा. आम्ही दोघंच असताना. घरात दुसऱ्या कोणाला ते नाव ठाऊक नव्हतं. आवाज दमलेला होता. फार लांबून पायी आलेल्या माणसाचा.

"माशी... पोचलो गं..."

मी उठले.

"बस खाली," आई म्हणाली. तिने वर पाहिलंही नाही.

"आई, भेको आलाय. बाहेर... आई, ऐक ना."

"भेको आत आहे."

"आई, तूच म्हणाली होतीस की हा..."

"दार लाव, खेतिवे. त्याला गारवा सोसत नाही."

तेव्हा झोपडीच्या मागच्या भिंतीकडून, जिथे उजेड पोचत नव्हता तिथून, कोणीतरी बोललं. अडखळत. परकी भाषा शिकणारा माणूस एकेक शब्द जुळवतो, तसं.

"माशी... दार... लाव."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, नुसती विनवणी होती. एक मुलगा तिने गमावला होता. आता मिळालेलाही मी घालवायला निघाले होते.

मी दार लावलं. कडी माझ्या हाताने घातली.

बाहेर तो पुन्हा बोलला नाही. पावलं वाजत राहिली, झोपडीच्या भोवती, सावकाश. चुलीतला विस्तव विझत गेला तरी वाजत होती.

उजाडल्यावर मी बाहेर गेले. आईने आदल्या दिवशी झाडलेलं अंगण. झोपडीला वेढा घातलेली अनवाणी पावलं, डावा पाय ओढत चाललेली. आणि त्यांच्या अगदी शेजारी, आजाऱ्याला दंडाला धरून सांभाळत न्यावं तशी, बुटांची पावलं.