कवीच्या तीन वह्या

समीक्षक वाचनालयात शिरला तो सकाळी अकराला, गुळगुळीत दाढी करून, लग्नातल्या वरमाईच्या तोऱ्यात. खिडकीपाशी लांब टेबल होतं. त्यावर कवीच्या तीन वह्या, सुतळीने बांधून लाखेने सीलबंद केलेल्या.

कवी घरात मराठी बोलायचा आणि कागदावर इंग्रजी. "दादा जेवायला मागायचा मराठीत नि भांडायचा इंग्रजीत," असं त्याची धाकटी बहीण सांगे. तिला स्वतःला इंग्रजीचं ए की बी ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कवी गेला, त्याच आठवड्यात तिने या वह्या इथे आणून दिल्या. ग्रंथपालबाईंनी त्याच दिवशी पानोपानी तारखेचा जांभळा शिक्का मारला आणि सील ठोकलं. ते आज, वह्या तपासायला बोलावलेल्या समीक्षकासमोर, फुटायचं होतं.

समीक्षकाला या वह्यांचीच धास्ती होती. तीस वर्षांपूर्वी त्याने कवीच्या सात कविता "जरा वाचतो" म्हणून नेल्या, स्वतःच्या नावावर छापल्या, आणि पुढे कवीने त्या आपल्या पुस्तकात घेतल्या तेव्हा 'चोर, चोर' अशी बोंबही यानेच ठोकली. कवीची कॉलेजातली नोकरी गेली. नव्या दमाचे कवी त्याच्या ओळी पाठ करत, नक्कलही करत, पण चारचौघांत नाव घेत नसत. आता समीक्षकाचा स्वतःचा इंग्रजी कवितासंग्रह शुक्रवारी छपाईला जाणार होता. वहीत त्या सातांबद्दल एक ओळ जरी निघाली, तरी कारभार आटोपला.

पहिली वही उघडली. त्या सातांचं नाव नाही. समीक्षकाने निर्धास्तपणे पान उलटलं. कवीच्या किरट्या अक्षरात तिथे एक कविता होती. ती आज सकाळी दाढी करताना समीक्षकाला सुचली होती. कागदावर उतरायचीच होती. तिच्यामागे त्याच्या संग्रहातल्या बाकीच्या चाळीस, ओळीने.

"मॅडम, ही मध्ये कोणी उघडली होती?"

"सील माझं आहे, सर. आणि बघा ना, अक्षरावर शिक्का आहे, शिक्क्यावर अक्षर नाही."

समीक्षक हाडाचा संशयी. त्याने खिशातून कागद काढला आणि कोणाच्या बापाला सुचणार नाही असं वाक्य इंग्रजीत खरडलं: माझ्या छत्रीला दोन सासवा आहेत. मग 'दोन' खोडून 'तीन' केलं.

"उघडा दुसरी."

दुसऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर छत्री होती. सासवा तीन. 'दोन' खोडलेलं.

"काहीही लिहितात हं ही कवी मंडळी," ग्रंथपालबाई हसून म्हणाल्या.

समीक्षकाने हिशेब केला. संग्रह निघाला, की चोर तोच ठरणार होता, तोही तारीख-शिक्क्यानिशी. मग त्याला वाटलं, मेलेल्याशी तडजोड करून पाहावी. नव्या कागदावर त्याने इंग्रजीत लिहिलं: त्या सात कविता कवीच्याच होत्या. माझ्या हातून ते चुकून घडलं. क्षमा असावी.

तिसरी वही उघडली. लिहिलेलं पान एकच.

तेवढ्यात कवीची बहीण आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. "दादाचं शेवटचं ना हे? वाचून दाखवा की, सर. मराठीतून."

"कठीण आहे हो, ताई."

"असं कसं? दादा म्हणायचा, तुम्हाला त्याचं सगळं तोंडपाठ आहे."

ग्रंथपालबाई मान वर करून बघू लागल्या. पळवाट नव्हती. पानावर समीक्षकाचाच माफीनामा होता. फक्त एक शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला.

तो वाचू लागला.

"त्या सात कविता कवीच्याच होत्या. माझ्या हातून ते चुकून..."

"तो शब्द खोडलाय, सर."

बहिणीने पानावर बोट टेकवलं.

"वरचा वाचा. 'मुद्दाम'."

बोट नेमकं त्याच शब्दावर होतं. तिचे डोळे मिटलेले होते.