शब्दाकडे लक्ष देऊ नका

प्रयोगशाळेच्या दारावरची जुनी पाटी खरवडून नवी रंगवायला पेंटर आला, त्याच दिवशी प्रयोगासाठी येणाऱ्या माणसाने दांडी मारली. योगायोग म्हणतात तो एवढाच. बाकी काही दैवी वगैरे नव्हतं.

संशोधिका दारात आली तेव्हा तो स्टुलावर उभा राहून 'मेंदू व भाषा विभाग'मधल्या 'भा'ला काना देत होता.

"तुम्हाला वाचता येतं ना?" तिनं विचारलं.

त्यानं ब्रश थांबवला. पाटीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नाही, ताई. अंदाजाने रंगवतो."

वीस मिनिटांनी तो काचेच्या खोलीत माइकसमोर बसला होता. अंगाला टर्पेंटाइनचा वास, कानामागे निळ्या रंगाचा एक थेंब. काचेपलीकडून तिनं ठरलेलं वाक्य वाचून दाखवलं. सगळ्यांना तेच, अक्षराचाही फरक नाही. "पडद्यावर चित्र दिसेल. त्यावर एक शब्द लिहिलेला असेल. चित्राचं नाव लवकरात लवकर सांगा. शब्दाकडे लक्ष देऊ नका."

"जन्मभर अक्षरं रंगवून पोट भरलं, आणि आज म्हणे शब्दाकडे–"

"चित्राचं नाव," ती म्हणाली. "लवकरात लवकर."

प्रयोग साधा होता. मांजराच्या चित्रावर 'कुत्रा' लिहिलेलं असलं की माणूस अडखळतो. 'बादली' लिहिलेलं असलं तर कमी. बादली बिचारी बाजूला उभी राहते. कुत्रा मात्र मांजराच्या जागेवर हक्क सांगतो. त्याला हुसकून मांजर जिभेवर आणायला मेंदूला सेकंदाचा जेमतेम विसावा भाग जास्त लागतो. त्या विसाव्या भागापायी तिनं चार वर्षं घातली होती. घरी वहिनी म्हणायची, "बरंय बाई. अख्खा सेकंद मिळाला असता तर तुझं लग्नसुद्धा होऊन गेलं असतं."

यंत्रावर तिचा भरवसा नव्हता. नाव नेमकं कुठे सुरू होतं, ती खूण ती कानाने ऐकून हाताने करायची. त्यामुळे पेंटरचं 'छत्री' तिनं अकरा वेळा ऐकलं. 'कंदील' चौदा वेळा. तशी कंदिलात काही अडचण नव्हती. फक्त 'कं'च्या आधी तो एक छोटासा श्वास घ्यायचा... अंधाऱ्या जिन्यात पहिली पायरी चाचपावी तसा. त्या श्वासाला प्रयोगात काही किंमत नव्हती. तरी तिनं तो पुन्हा ऐकला.

प्रत्येकाला तीन वेळा यावं लागायचं, आठवड्याच्या अंतराने. दुसऱ्या खेपेला तो आला तेव्हा 'ताई' गळून पडलं होतं. त्या जागी काहीच आलं नव्हतं.

त्या दिवशी तो फार चुकला. घोड्याला 'गाढव' म्हणाला, चमच्याला 'सुरी', झाडूला 'सुपली'. संशोधकाने हसायचं नसतं. ती मान खाली घालून हसली.

मध्ये दोन मिनिटं विश्रांती असायची. माइक तेव्हाही चालू राही. तो तुकडा न ऐकता कापून टाकायचा, असा नियम. दुसऱ्या दिवशी घरी कानाला हेडफोन लावून ती तो कापायला गेली आणि बोट जरा मागे पडलं. आवाज आला. स्वतःशीच, हळू – "चुकलं की हसतात त्या. सात चुका झाल्या. आता टोपीला बूट म्हणून बघू."

तिनं हेडफोन काढले. पुन्हा लावले.

"काय गं," वहिनी दारातून म्हणाली, "परत कंदील का?"

"टोपी," ती म्हणाली, आणि उशीत तोंड खुपसलं.

विभागप्रमुखांनी तक्ता पाहिला. "हा पेंटर इतका कसा चुकतो? नोंद काढून टाका त्याची."

"तिसरी खेप व्हायचीय, सर."

"कशाला आता?"

"शास्त्र म्हणून."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. शास्त्रापायी एवढं लाल झालेलं माणूस त्यांच्या बघण्यात नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तो आला तो खांद्यावर पिशवी घेऊनच. "सोमवारी निघतोय. लांब एक मोठं इस्पितळ बांधलंय. दारं तितक्या पाट्या. आठ महिन्यांचं काम आहे."

"छान," ती म्हणाली.

खरं तर तिच्याकडे एक वाक्य तयार होतं, चार दिवस घासूनपुसून ठेवलेलं. ते जिभेपर्यंत आलं आणि ऐन वळणावर 'छान' आडवं आलं. इतरांची अडखळ तिनं हजारो वेळा मोजली होती. स्वतःची मोजायला कोणी नव्हतं.

त्या दिवशी तो एकदाही चुकला नाही. घोडा घोडा होता, टोपी टोपी होती. काचेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तिला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

विश्रांती सुरू झाली. तिनं बोलायचं बटण दाबलं. "पाणी हवंय?"

"नको."

"पंखा वाढवू?"

"नको."

ताकाला जाऊन भांडं लपवतात ते हेच. शेवटी ती म्हणाली, "आज तुम्ही... चुकला नाहीत."

तो माइकवरच्या बारीक लाल दिव्याकडे बघत राहिला. "हा चालू असतो?"

"असतो."

"विश्रांतीतही?"

"...विश्रांतीतही."

त्याचे कान लाल झालेले काचेपलीकडूनही दिसले. तो म्हणाला, "मग आता तुम्ही इकडे या. मी बोट दाखवीन, तुम्ही नाव सांगायचं. मध्ये मी काहीही बोलेन, तिकडे लक्ष द्यायचं नाही."

ती आत गेली. खोली एका माणसाच्या मापाची. दोघं उभी राहिली की श्वास मोजून घ्यावा लागे.

त्यानं खुर्चीकडे बोट केलं. "टेबल."

"खुर्ची."

दिव्याकडे. "पंखा."

"दिवा."

मग बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. "पेंटर."

एक सेकंद... दोन... तिच्या प्रयोगात एवढ्या वेळात दोन चित्रं होऊन जायला हवी होती असं तिला उगाच वाटलं. तीन. चार.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"हे नाव नाही झालं."

"नाही झालं."

"मग चूक धरायची?"

"धरा."

तो हसला नाही. पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिला. "शब्द देऊन बसलोय त्यांना. जावं लागेल."

"माहीत आहे."

"तरी म्हणालात."

"तरी म्हणाले."

जाताना तो दाराशी थांबला. "आठ महिने म्हणजे तुमच्या यंत्रात किती होतात?"

ती मनात गुणायला लागली. दिवस, तास, सेकंद, सेकंदाचे हजार तुकडे... आणि अर्ध्यावरच तिनं गुणाकार सोडून दिला.

"फार," ती म्हणाली. "फार होतात."