सहरीच्या अकरा पहाटा

पहाटे चारला वरच्या खोलीत मिक्सर घरघरला आणि मी तणतणत जिना चढून दार ठोठावलं.

कळव्यातली ही दुमजली इमारत आमचीच. आजोबांच्या भाताच्या खाचरावर बाबांनी बांधलेली, वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. पोलीस भरतीसाठी मी रोज पाचला धावायला जायचे. त्याआधीची झोप कुणी मोडली की माझं डोकंच फिरायचं.

दार उघडलं. विस्कटलेले केस, हातात अर्धं केळं... आठवड्यापूर्वी आलेला भाडेकरू. श्रीवर्धनचा मुनाफ, वागळे इस्टेटच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचा.

"सॉरी... सहरीसाठी शेक करत होतो. आज पहिला रोजा."

"नुसता शेक? दहा वाजता गळशील!"

"मग काय खाऊ, मॅडम?" तो हसला. आणि मी भांडायला आलेले, तेच विसरले.

"नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेव. सकाळी पाच मिनिटं उकळ, जिरं टाक. सोबत दोन अंडी, चार खजूर. आवाज नाही, काही नाही!"

दुसऱ्या पहाटे तो पातेलं घेऊन जिन्यात उभा. "गुठळ्या झाल्या..."

"अरे, ढवळायचं कोणी? शेजाऱ्यांनी?"

मग रोजचंच झालं. मी अलार्मशिवाय उठायला लागले. कधी दही-पोहे, कधी उकडलेलं रताळं. एकदा त्याने सुकट भाजायला काढली, ती मी हिसकावून घेतली. "दुपारी तहानेने मरशील!" तो खाली बसून खायचा, मी दाराच्या चौकटीला टेकून.

"तुझा रोजा नाही, मग एवढं खातेस कशाला?"

"आठशे मीटर पळायचं असतं. तुझ्यासारखी पेन्सिल नाही फिरवायची."

"मी येऊ? हात धरून..." तो एकदम थांबला. "म्हणजे, घड्याळ धरून. वेळ लावायला."

माझे कान तापले. त्याने घाईघाईत पाण्याचा शेवटचा घोट घेतला, तोच पहाटेची फजरची अजान झाली... आणि मला वाटलं, आज जरा उशिरा झाली असती तर!

अकराव्या दिवशी बाबांनी मला ओसरीवर बोलावलं. शेजारच्या मंदाकिनी काकू तिथेच बसलेल्या.

"काकू बोलतात, पहाटंची तू मुनाफच्या दारात असतंस. पोरगा कसा हाय? खरं सांग, बाय."

काकूंची नजर माझ्यावर रोखलेली. चांगला आहे... एवढंच तर म्हणायचं होतं.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "मी कुठे ओळखते त्याला?"

बाबांनी त्याला रविवारपर्यंत खोली सोडायला सांगितली.

रविवारी तो बॅग घेऊन जिना उतरला. मी खालीच उभी होते.

"बाबांनी तुला विचारलं असेल ना?"

"हो."

"काय म्हणालीस?"

मी मान खाली घातली. त्याने बॅग खांद्यावर टाकली. "बरं. उपाशी धावू नकोस." एवढंच म्हणाला.

ईदच्या आदल्या संध्याकाळी मला राहवलं नाही. रडत रडत बाबांना सगळं सांगितलं.

"तवा का नाय बोललीस? तू फक्त चांगला हाय बोलली असतीस, तर मी काकूला गप केली असती. मी तुला इचारलेला ना, बाय?"

"आता त्याला फोन करू?" मी विचारलं.

"कर. पण चोरून नको."

ईदच्या सकाळी मी भर अंगणातून फोन लावला. काकू कपडे वाळत घालत होत्या. पलीकडे माणसांचा गलका, भांड्यांचा आवाज.

"ईद मुबारक, मुनाफ! मी बाबांना खोटं सांगितलं होतं. तू मला आवडतोस... तेव्हाही आवडायचास."

गलका दूर गेला. तो बाहेर आला असावा.

"ते मला कळलेलं," तो म्हणाला. "तू बोलशील का, तेवढंच बघत होतो. आता इथेच, श्रीवर्धनला काम धरलंय, कृतिका. अम्मी एकटी असते... उशीर केलास."

"हो," मी म्हणाले. "केला."

कुणीतरी त्याला आतून हाक मारली. तरी त्याने फोन ठेवला नाही... मीही नाही.