उत्तराला लागणारा वेळ

शुद्धीकरण केंद्राच्या नियंत्रण खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून पाण्याच्या चारही टाक्या दिसत. संगणक तपासायला आलेल्या बाईंनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि विचारलं, "नेमकं अडतंय कुठे?"

"अडत नाही, हीच तर पंचाईत!" पंपवाले काका म्हणाले. "तुम्ही हाताने चालवा ही स्क्रिप्ट, बघा कशी अडून बसते. कंट्रोल प्रोग्रामने चालवली की सुरळीत. आमच्या नातीची गत, घरात तोंड उघडत नाही आणि शाळेत पोपट!"

बाईंना आजवर उलटंच भेटलं होतं. हाताने धड चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रामने चालवली की रुसते. फोल्डर वेगळा असतो, फाइल सापडत नाही. कारणं ठरलेली. ही स्क्रिप्ट तर जेमतेम चाळीस ओळींची आज्ञावली होती. दर तासाला पाण्यातल्या क्लोरीनचं माप वाचायची, पुढची मात्रा काढायची आणि विचारायची: 'सोडू? हो / नाही'. उत्तर मिळेपर्यंत जागची हलायची नाही. कंट्रोल प्रोग्राम ती चालवायचा तेव्हा मात्र तिच्यापुढे ना पडदा असायचा, ना कीबोर्ड.

तरी नोंदफाइलमध्ये अकरा वर्षं प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर होतं.

"हे कोण देतं?"

"आम्ही समजत होतो, तुम्ही संगणकवालेच देता."

बाई दुपारपर्यंत नुसत्या वाचत राहिल्या. प्रश्नानंतर नऊ सेकंदांनी 'हो'. कधी आठ, कधी दहा. यंत्र इतका वेळ घेत नाही. वाचायला, विचार करायला आणि मग लिहायला माणसाला लागतो तेवढा हा वेळ होता. सतरा वेळा 'नाही' होतं, आणि तिथे वीस-बावीस सेकंद गेले होते. त्या सतरा तारखा त्यांनी काकांच्या दुरुस्तीच्या वहीशी ताडून पाहिल्या. सतराही वेळा मापक बिघडलेला निघाला होता. चार वेळा तर बिघाड काकांना दुसऱ्या दिवशी कळला होता.

बाईंना कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. ब्युरेटची तोटी नेमक्या थेंबाला बंद करणारा सरांचा हात. तसाच हा होता. कुणाचाही असो, त्यांना त्याचं मनापासून कौतुक वाटलं आणि केंद्रप्रमुखांना त्यांनी तसं सांगितलंही.

"कौतुक ठीक आहे," केंद्रप्रमुख म्हणाल्या, "पण अख्खं शहर हे पाणी पितं. कोण उत्तर देतं ते ठाऊक नसताना मी टाक्या त्याच्या भरवशावर सोडायच्या? आपोआप 'हो' जाईल असं करा."

म्हणणं रास्त होतं. बाईंच्या घरच्या नळालाही हेच पाणी यायचं. त्यांनी स्क्रिप्टमध्ये तशी एक ओळ घातली आणि तिघंही दोनच्या फेरीची वाट बघत उभी राहिली.

नोंदफाइलमध्ये प्रश्न आला. खाली लगेच 'हो' उमटलं.

मग त्याच्यापुढे दोन छोटे चौकोन उमटले.

"हे काय?" प्रमुखांनी विचारलं.

"खोडल्याची खूण. 'ह'ची एक, त्याच्या काना-मात्रेची एक," बाई म्हणाल्या.

चौकोनांपुढे 'नाही' आलं.

काका तोवर दाराबाहेर पडले होते. खिडकीतून ते तिसऱ्या टाकीवर ओणवलेले दिसले. त्यांनी मापकाची नळी वर धरली. ती मधोमध तडकली होती. 'हो' टिकलं असतं तर संध्याकाळपर्यंत घराघरात पाचपट क्लोरीन पोचला असता.

"काढा ती ओळ," प्रमुख हळूच म्हणाल्या.

बाईंनी ती काढली. अहवालात 'दोष आढळला नाही' असं लिहून सही केली.

तेव्हापासून रोज सकाळी चहा घेताना त्या घरूनच नोंदफाइल उघडतात. नऊ सेकंद. नऊ. आठ. वाचूनच बरं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात अकरा झाले. मग पंधरा.

कंट्रोल प्रोग्राम उत्तरासाठी तीस सेकंद थांबायचा. त्यानंतर शहराचं पाणी बंद करायचा. माप अगदी नेहमीचं असतानाही उत्तराला सव्वीस सेकंद लागले, त्या दिवशी बाईंनी कुणाला न विचारता तीसचे साठ केले.

आज सकाळी एकतीस लागले. उत्तर बरोबर होतं, 'हो'. पण त्याच्याआधी 'नाही' लिहिलं गेलं होतं, आणि पुढे ओळीने चार चौकोन होते.