तिथीची पाऊणपट

मिठबावच्या तुळसाने लॅपटॉप दुरुस्तीला बोलावलं तेव्हा रसिकाला ते दोन तासांचं काम वाटलं. ती भौतिकशास्त्रात एमएस्सी. जामसंड्यात तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. समुद्राकाठच्या वाटेने ती यायची, म्हणून तुळसाचा सासरा भिकाजी घरापुढच्या खळ्यातूनच पायरीजवळच्या कळशीकडे बोट दाखवून पाय धुवायला सांगायचा. वाळूच्या पायांनी घरात यायचं नाही.

लॅपटॉप तुळसाच्या नवऱ्याचा. सत्यवान जहाजावर नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी भर समुद्रात डेकवरून नाहीसा झाला. सामान तेवढं घरी आलं. लॅपटॉपमध्ये एक कुलूपबंद ड्राइव्ह होता. एरवी ती नुसती एक मोठी फाइल, पासवर्ड दिला की वेगळ्या डिस्कसारखी उघडणारी. पासवर्ड तुळसाला ठाऊक होता. आत एकच व्हिडिओ, डेकच्या कठड्याशी उभ्या सत्यवानाचा. तो लावला की काही सेकंदांत स्क्रीन निळा पडून मशीन बंद.

“माका तेचो आवाज होयो,” तुळसा म्हणाली. “एकदाच. मगे लॅपटॉप मोडलो तरी चलात.”

रसिकाने रॅम बदलली, सॉफ्टवेअर नव्याने घातलं, ड्राइव्ह स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून पाहिला. तोही बंद पडला. व्हिडिओ दिसून मशीन बंद पडण्याच्या वेळा तिने वहीत टिपल्या. सोमवारी सव्वाआठ, मंगळवारी नऊ, बुधवारी पावणेदहा. बाकीच्या वेळी ड्राइव्ह सुरळीत उघडायचा, पण रिकामा.

“काल पाठमोरो हुतो,” तुळसा म्हणाली. “आज वळलो.”

“वळलो नाय, वयनी. व्हिडिओ रोज दोन-तीन सेकंद जास्त चलता, इतक्याच.”

भिकाजीने वहीतल्या वेळा वाचून घेतल्या आणि तो हसला. “इतक्या शिकलंस चेडवा, आणि पाऊणपट येणा नाय तुका? सोमवारी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. बारशीक नऊ. भरतीचो टायम आसा तो.”

रसिकाने आकडे पुन्हा तपासले. चूक नव्हती.

गुरुवारी साडेदहाला सत्यवान कॅमेऱ्यापर्यंत आला. त्याने तोंड उघडलं आणि स्क्रीन निळा झाला. तुळसाने रसिकाचं मनगट धरलं, ते बराच वेळ सोडलं नाही.

शुक्रवारी अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी पाय धुताना कळशीतलं पाणी संपलं. तुळसाला सांगायचं रसिकाच्या डोक्यातून गेलं.

सव्वाअकराला व्हिडिओ सुरू झाला. पाच सेकंद. दहा. मिनिट.

मशीन बंद पडलं नाही.

डेक रिकामा होता, ओला. कठड्यापासून कॅमेऱ्यापर्यंत पावलं उमटली होती. मागे नुसता पाण्याचा आवाज.

रसिकाने वेळ टिपली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

तुळसाने लॅपटॉपचा आवाज शून्यावर आणला आणि दाराकडे कान दिला.

खळ्यातून भिकाजीचा स्वर आला, रोजच्यासारखाच. “पाय धुवन भितर ये.”

मग पायरीजवळ, रिकाम्या कळशीपाशी, तांब्यामागून तांब्या पाणी पडत राहिलं.