दोन भिंतींमधली जागा

शपथेवर सांगतो, ही अड्याळची गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, मी तेव्हा साकोलीला होतो. पण तेवढ्यानं गोष्ट काही खोटी होत नाही.

भैय्यालाल आणि भोजराज, सख्खे भाऊ, दोघेही विणकर. सन ऐंशीच्या सुमाराला वाटणी झाली. एका भिंतीवर दोघांचा हक्क नको, म्हणून प्रत्येकानं आपापली मातीची भिंत घातली. मधे हातभर पोकळी राहिली. वाटणीआधी नेमकी तिथंच त्यांची आई, गोदावरीबाई, चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची.

"मंग मी कोठं बसू, बाबू?" तिनं विचारलं.

थोरला म्हणाला, भोजाकडे. धाकटा म्हणाला, दादाकडे. म्हातारी मारुतीच्या देवळात जाऊन बसली, ती तिथूनच गेली. तेरवीच्या पंगतीत कोणी भैय्यालालकडे मान वर करून पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी भिंतीतून आवाज येऊ लागला. खर्र... खर्र...

"उंदीर असन," भैय्यालाल म्हणाला.

"उंदीर कांड्या भरते का वो?" बायको, सुमित्राबाई, बोलून गेली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

भिंत फोडावी, तर गाव जमणार; जमलं की विचारणार. म्हणून भैय्यालालनं भंडारा गाठलं. परसराम रेडिओवाल्यानं दोन वस्तू काढल्या: काडीला बांधलेला दातांच्या डॉक्टरचा आरसा, शेजारी बॅटरीचा बल्ब, आणि भंगारात मिळालेली, डॉक्टर पोटात उतरवून पाहतात ती लवचीक नळी. एका टोकाला उजेड, दुसऱ्या टोकाला भिंग.

"आरसा ने भाऊ, सस्ता पडते."

"त्याले भोक मोठं लागते."

"असं काय पाहाचं हाये, चोरून?"

भैय्यालालनं उत्तर टाळायला आरसा उचलला. त्यात आधी त्याचंच तोंड दिसलं. त्यानं तो पालथा ठेवला.

"नळीच दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरमिटानं बोटभर भोक पाडलं. आतून सुताला लावायच्या भाताच्या खळीचा आंबूस वास आला. आईच्या हातांना यायचा, तोच. खरखर थांबली. त्यानं नळी सरकवली. माती... जळमटं... चरखा कुठंच नाही. मग समोर, भोजराजच्या भिंतीत, तसंच भोक. त्यात उजेड. उजेडामागं एक डोळा.

"दादा..." पलीकडून हळूच आलं. "तुले बी आयकू येते?"

"येते... लय दिवसाचं."

"मले वाटलं, मलेच."

"लाज वाटते रे, भोजा..."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून दोन्ही भिंती पाडल्या आणि आईचा चरखा जागेवर मांडला.

इथं ऐकणारे डोळे पुसतात, म्हणून मी इथंच थांबतो. पण आज आरंभीच शपथ घेऊन बसलो. तर, भिंतीपलीकडचा भोजराज मी घातला. त्या दिवशी तो एकोडीला सासुरवाडीत होता, दाराला कुलूप. भिंती अजून उभ्या आहेत.

भोक, उजेड आणि डोळा मात्र खरा. पलीकडचा आवाजही खरा. फक्त तो 'दादा' म्हणाला नव्हता.

"सरक ना जरासा, बाबू... बसू दे."

तेव्हापासून भैय्यालाल त्या भिंतीपासून हातभर जागा सोडून बसतो. तिथं कोणी पाऊल ठेवत नाही. तरी तेवढ्याच जागेचं सारवण, रोज कोणी बसावं तसं, झिजून गुळगुळीत झालं आहे.